सैल पात्यांचं यंत्र

श्रावण संपत आला की मुरबाडच्या बाजूचं गवत कमरेला लागतं. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात मोकळी जमीन मोकळी राहतच नाही. आधी टाकळा उगवतो, मागून कुर्डू येतो, त्यातून रानमोडी डोकं काढते, बांधाच्या कडेने घाणेरीची जाळी पसरते आणि या सगळ्याला भेदून गवत वर येतं. गोवेलीच्या पुढे आमच्या भावजींची आंबा-चिकूची वाडी आहे. झाडांच्या ओळींमधलं हे रान वेळेत काढलं नाही तर भाद्रपदात कलमांपर्यंत पोचता येत नाही. दिवाळीनंतर तेच गवत जागच्या जागी वाळतं आणि मग वणव्याची धास्ती. फाल्गुनात डोंगराच्या उतारावर आग लागली की ओल्या फांद्या घेऊन धावणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उभ्या वाळल्या गवताकडे निवांत बघताच येत नाही.

पूर्वी हे काम विळ्याचं होतं आणि ते सोपं कधीच नव्हतं. जुन्या ठाणे जिल्ह्यात गवत हा मोठा धंदा होता. मुंबईच्या तबेल्यांसाठी इथलं गवत कापून, दाबून, गाठी बांधून जायचं आणि कापणारे हात आदिवासींचे असायचे. १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागातल्या वारल्यांनी पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मजुरी मिळाल्याशिवाय विळा चालवायचा नाही असं ठरवलं. पाचशे रत्तल म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. वाकून, मुठीमुठीने, जळवा-विंचवांच्या रानात. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. गवत कापायच्या यंत्राबद्दल लिहिताना मला हे आठवतं, कारण या जिल्ह्यातल्या गवताची किंमत माणसांच्या पाठीने मोजलेली आहे. त्या पाठीवरचं ओझं कमी करणारं लोखंड मला आदराने बघावंसं वाटतं.

आता विळ्यावर येणारी माणसं कमी झाली आहेत आणि ज्यांना दुसरं काम मिळतं त्यांनी का यावं? खांद्याला अडकवायचा पेट्रोलचा ब्रश कटर घराघरांत आला. पण तो दिवसभर चालवणाऱ्याचे हात रात्री जेवताना थरथरतात. वाडीत १५ अश्वशक्तीचा एका सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर आहे. ओळींमधून जावा म्हणून मुद्दाम अरुंद घेतलेला. त्याच्या मागे लावायला गवत-झुडपं कापणारे स्लॅशर बाजारात तयार मिळतात, पण जे पाहिले ते मोठ्या ट्रॅक्टरचे, चार-पाच फुटी. एवढ्याशा इंजिनाला ते पेलायचे नाहीत. म्हणून भावजींनी ठरवलं, करूनच घ्यायचा. आणि करून घ्यायचा म्हटल्यावर डोंबिवली.

एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, ठाण्याचं वागळे इस्टेट आधी उभं राहिलं आणि पुढे डोंबिवलीही औद्योगिक नकाशावर आली. डोंबिवलीची एमआयडीसी म्हटलं की लोकांना रसायनांचे कारखाने आठवतात, वास आठवतो, स्फोट आठवतात. पण त्या कारखान्यांच्या आधाराने छोट्या गाळ्यांची एक वेगळी वस्ती इथे वाढली. कुणाची टाकी गळते, कुणाचा शाफ्ट झिजतो, कुणाला रातोरात फ्लँज हवी असते. त्या गरजांवर लेथवाले, वेल्डिंगवाले, शीट वाकवणारे, दाते पाडणारे तयार झाले. दोन-तीन रस्त्यांच्या आत काय लागेल ते मिळतं आणि जे मिळत नाही ते करून मिळतं. आमच्या मिस्त्रींचा गाळा असाच आहे. दारात चॅनल आणि अँगलचे तुकडे उभे, आत एक जुनी लेथ, एक पिलर ड्रिल, दोन वेल्डिंग सेट, कोपऱ्यात गणपतीची तसबीर आणि तिच्याखाली वेल्डिंग रॉड गरम ठेवायची पेटी. मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे. मोजमाप घ्यायला ते वाडीवर आले तेव्हा ट्रॅक्टरकडे बघण्याआधी गवतात शिरले. बुंधे हाताने वाकवून पाहिले, पायाने दगड चाचपले.

“ताई, गवताचं काही नाही,” ते म्हणाले. “हे दगड बघा किती आहेत.”

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं यंत्र बेतलं गेलं.

पहिला प्रश्न रुंदीचा. भावजींना चार फूट हवं होतं, फेऱ्या कमी लागाव्यात म्हणून. मिस्त्रींचा हिशेब साधा होता: झुडपांचं रान कापायचं तर एका फुटाला पाचेक अश्वशक्ती धरायची आणि ती इंजिनाची नाही, पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर पोचणारी. १५ च्या इंजिनातून मागे पोचते ती त्याहून कमीच. तीन फुटांच्या वर जायचं नाही. भावजींनी बरीच घासाघीस केली, पण इंजिनाशी घासाघीस चालत नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि इथे मी खरी गुंतले. विळ्याने कापताना गवत एका हाताने धरलेलं असतं. कात्रीला दुसरं पातं असतं. या यंत्रात पात्यासमोर आधाराला काहीच नसतं. उभा दांडा नुसत्या वेगाने तोडायचा, दांड्याला वाकायला वेळच मिळता कामा नये. त्यासाठी पात्याचं टोक सेकंदाला पन्नासेक मीटरच्या घरात धावावं लागतं. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. जगभरच्या ट्रॅक्टरांचा हा ठरलेला आकडा आहे, मागच्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासूनचा. तीन फुटी घेराला ५४० फेरे अपुरे. वेग वाढवायचा आणि आडवा फेरा उभ्या अक्षावर वळवायचा, ही दोन्ही कामं एकाच गिअरबॉक्सने करायची.

घरगुती स्लॅशर करणारे बरेच जण इथे भंगारातला जीपचा डिफरन्शियल वापरतात. गाळ्यात तसा एक पडलेलाही होता. त्याला उलट बाजूने फिरवलं की वेग वाढतो, पण चार-साडेचार पट. म्हणजे ५४० चे दोन हजारांवर फेरे. मिस्त्रींनी तो पायाने बाजूला सारला आणि पाटीवर खडूने हिशेब मांडून दाखवला. दीड किलोचं एक पातं, आम्हाला हव्या होत्या तेवढ्या म्हणजे मिनिटाला १०४० फेऱ्यांना, बाहेरच्या बाजूला सुमारे सहाशे किलोच्या जोराने ओढतं. फेरे दुप्पट केले की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. सहाशेचे जवळपास अडीच टन. त्या जोराने सुटलेलं पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही. डिफरन्शियल स्वस्त पडला असता, तरीही तो नको. शेवटी याच कामासाठी ओतलेला तयार गिअरबॉक्स मागवला: मोठ्या दातचक्राला २७ दाते, लहानाला १४. ५४० चे १०४० होतात. तीन फुटी घेराच्या टोकाला सेकंदाला ४९ मीटर, तासाच्या हिशेबात पावणेदोनशे किलोमीटरच्या वर. संपूर्ण यंत्रात विकत घेतलेली मोठी वस्तू ही एवढीच.

पाती मात्र भंगारातून आली. कल्याण-शीळ रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात आणि ट्रक धावतात तिथे पाटे तुटतात. पाट्यांचं पोलाद चिवट असतं. वाकतं, परत सरळ होतं, झिजायला वेळ घेतं. पण वापरून टाकलेल्या पाट्यात कुठे बारीक चीर असेल तर डोळ्याला दिसत नाही. मिस्त्रींनी ७० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाड पट्ट्या निवडल्या, घासून स्वच्छ केल्या आणि डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवल्या. नंतर फडक्याने अगदी कोरड्या पुसल्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या खडूचा सारखा थर चोळला. आम्ही चहा प्यायलो. परत आलो तर एका पट्टीवर, भोकाजवळ, केसाएवढी ओलसर रेघ उमटलेली. चिरेत शिरलेलं डिझेल खडूने बाहेर खेचलं होतं. मिस्त्रींनी काही न बोलता ती पट्टी भंगाराच्या ढिगात फेकली. शाळेच्या खडूने आणि ट्रकच्या इंधनाने एवढी नेमकी तपासणी होते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

भोक पाडायला वेल्डिंगवाल्या पोराने गॅस कटर उचलला तेव्हा मिस्त्री ओरडले. गॅसने कापलेल्या भोकाची कड तापून एकदम थंड होते आणि काचेसारखी कडक बनते. पुढे चीर पडते ती तिथूनच. म्हणून कोबाल्टचा ड्रिल, मंद फेरा, वरून कूलंटची धार. एका भोकाला इतका वेळ लागला की शेजारच्या गाळ्यातला लेथवाला येऊन बघून गेला. धारही वस्तऱ्यासारखी लावली नाही. दगडावर पातळ धार दुमडते आणि तिच्याबरोबर पात्याचा टवका उडतो. साधारण मिलिमीटरभर बोथट कड ठेवून मागे उतार दिला.

मग वजन. वाण्याकडे असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा आणला गेला. दोन पात्यांमध्ये पन्नास ग्रॅमचा फरक म्हणजे फिरताना वीस किलोची एकतर्फी ओढ, सेकंदाला सतरा वेळा दिशा बदलणारी. गिअरबॉक्सचं बेअरिंग ते फार दिवस सोसत नाही. जड पात्याच्या पाठीवरून ग्राइंडर फिरवायचा, काट्यावर ठेवायचं, पुन्हा फिरवायचा. काट्यावरचे आकडे जुळले तरी मिस्त्रींचं समाधान झालं नाही. प्रत्येक पातं त्यांनी भोकातून गोल सळईवर टांगलं आणि टोकाचा भार वेगळा मोजला. एकूण वजन सारखं असून एकाचं वजन मुळाशी आणि दुसऱ्याचं टोकाशी असेल तर काट्याला ते कळणार नाही, यंत्राला कळेल.

ही पाती घट्ट बसवत नाहीत, हे मला सगळ्यात उशिरा उमगलं. जाड आडव्या पट्टीच्या दोन टोकांना बुश आणि बोल्ट, त्यावर पातं लोंबतं ठेवलेलं. यंत्र थांबलेलं असताना हाताने ढकललं तर बाहुलीच्या हातासारखं कुठेही वळतं. फिरायला लागलं की सहाशे किलोची ओढच त्याला ताठ उभं करते. कातळाला आपटलं तर ते मागे दुमडतं, दगड मागे पडला की परत सरळ होतं. “ताठ ठेवलं की तुटलं बघा,” मिस्त्री म्हणाले. आडव्या पट्टीच्या पोटाला त्यांनी तव्याच्या कुळवाचा एक जुना तवा पालथ्या बाजूने जोडला, फुगीर अंग जमिनीकडे. खुंट किंवा धोंडा आडवा आला तर तवा त्याच्यावरून घसरत वर चढतो आणि बोल्टांची डोकी वाचतात.

एकदा ही दृष्टी आली की सगळ्या यंत्रात तेच दिसायला लागतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी शाफ्ट ज्या बोल्टने जोडला आहे तो मुद्दाम मऊ पोलादाचा. पातं बुंध्यात अडकून जागीच थांबलं तर आधी हा बोल्ट कातरला जावा, म्हणजे गिअरचे दाते आणि ट्रॅक्टरच्या पोटातली चक्रं वाचतील. भावजींनी जास्त पक्का बोल्ट लावा म्हटल्यावर मिस्त्रींनी त्यांना जवळ बसवून समजावलं आणि तसलेच मऊ सुटे बोल्ट एका डबीत घालून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवायला दिले. त्याच्या पुढे एकदिशा कपलिंग. एवढं जड पातं फिरत असताना चालकाने क्लच दाबला तरी पातं थांबत नाही. त्याचा साठलेला जोर शाफ्टमधून उलटा गिअरमध्ये शिरतो आणि क्लच दाबलेला ट्रॅक्टर पुढेच ढकलला जातो. बांधावर, ओढ्याच्या काठाशी, हे जिवावर बेतू शकतं. एकदिशा कपलिंग असलं की पातं आपलं आपण फिरून शांत होतं, ट्रॅक्टर जागेवर थांबतो. मुठीत मावेल एवढी ही वस्तू आहे आणि ती वगळून पैसे वाचवणारे लोक आहेत, हे ऐकून मला राग आला.

वरचं कव्हर सहा एमएमच्या प्लेटचं. एक चौरस मीटर प्लेट ४७ किलो भरते, तेव्हा जाडी उगाच वाढवता येत नाही. लहान ट्रॅक्टरच्या मागे फार वजन लोंबलं की पुढची चाकं उचलायला लागतात. पावसाळी दिवस होते, हवेत ओल होती. भार घेणाऱ्या जोडांसाठी जे ७०१८ चे रॉड वापरतात त्यांच्या लेपात ही ओल शिरते आणि वेल्डिंगच्या आत हायड्रोजन अडकून जोड नंतर, थंड झाल्यावर, आतून तडकतो. म्हणून रॉड भट्टीत तीनशे अंशांच्या वर भाजून मग पेटीत गरम ठेवलेले. वेल्डिंगवाला पोरगा उत्तर प्रदेशातला, बोलणं हिंदी, हात फार सुरेख. त्याने आधी सगळीकडे नुसते टाके मारले, गुण्याने कोन तपासला, आणि मग एका सलग रेषेत न जाता इथे थोडं, समोरच्या कोपऱ्यात थोडं, असं वेल्डिंग केलं. सलग गेलं असतं तर प्लेट तापलेल्या बाजूला ओढली गेली असती. स्लॅग ठोकून काढल्यावर खाली एकसारखी खवल्यांची रेघ दिसली. त्याने मान कलती करून ती पाहिली आणि पुढचा रॉड उचलला.

ट्रॅक्टर आणि गिअरबॉक्स यांमधल्या शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात. त्यांचे काटे एका रेषेत नसतील तर पुढचा शाफ्ट सारख्या वेगाने फिरला तरी मागचा प्रत्येक फेऱ्यात जरा पुढे-मागे करतो आणि सगळं यंत्र थरथरतं. एका पट्टीने ते जुळवून झालं. त्याहून महत्त्वाचं शाफ्टवरचं प्लास्टिकचं नळकांडं. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पंच्याचा पदर, लेंग्याची नाडी, साडीचा सोगा त्याला लागला तर हात मागे घ्यायचा विचार मनात येईपर्यंत सगळं गुंडाळलं गेलेलं असतं. शेतावर ही नळकांडी तुटली की लोक काढून टाकतात आणि तसेच वर्षानुवर्षं वापरतात. मिस्त्रींनी ती न फिरता जागेवर राहावीत म्हणून दोन्ही बाजूंना बारीक साखळ्या लावल्या. भावजींना सांगितलं, “साखळी निघालेली दिसली तर त्या दिवशी मशीन चालवायचं नाही.”

साखळ्यांवरून आठवलं. कव्हरच्या पुढे-मागे त्यांनी लोखंडी साखळ्यांचा दाट पडदा टांगला. गवत त्यातून आत शिरतं, पात्याने भिरकावलेला दगड त्यातून बाहेर पडत नाही. आपल्याकडचा काळा दगड जड असतो आणि पन्नास मीटरच्या वेगाने सुटला तर गोळीसारखाच लागतो. साखळ्यांच्या कड्या किती अंतरावर, किती लांब, जमिनीपासून किती वर, यावर गाळ्यात जितकी चर्चा झाली तितकी गिअरबॉक्सवरही झाली नाही.

स्लॅशर टेम्पोतून वाडीवर गेला. तिथे ट्रॅक्टरला जोडून आधी हाताने पातं फिरवून पाहिलं, मग इंजिन अगदी मंद ठेवून पीटीओ टाकला. मिस्त्रींनी सगळ्यांना ट्रॅक्टरच्या पुढच्या अंगाला उभं केलं. पात्याच्या पातळीत मागे किंवा बाजूला कुणीही थांबायचं नाही. वेग वाढत गेला. एका टप्प्यावर कव्हर गुणगुणलं, प्लेटवर ठेवलेला नट सरकायला लागला. त्याच्या वर गेल्यावर गुणगुण थांबली आणि नट जागेवर स्थिर झाला. मिस्त्रींनी हात वर करून इंजिन बंद करायला लावलं. पातं फिरायचं थांबेपर्यंत कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. सगळे बोल्ट परत आवळले आणि मगच ट्रॅक्टर गवतात घातला.

पहिल्या ओळीत टाकळा आणि कुर्डू असे आडवे झाले की जणू ते कधी उभेच नव्हते. रानमोडीच्या बोटभर जाड बुंध्यांवर आवाज बदलायचा, इंजिन जरा दाबलं जायचं, परत मोकळं व्हायचं. भावजींनी एक गिअर खाली उतरवला तेव्हा काम एकसारखं चालू लागलं. घाणेरीच्या जाळीत सरळ घुसायचं नाही, स्लॅशर वर उचलून मागे घेत तिच्यावर हळूहळू बसवायचा, हे मिस्त्रींनी स्वतः ट्रॅक्टरवर बसून दाखवलं. कापलेलं गवत बारीक होऊन ओळींमध्येच पसरत होतं. ते उचलायचं नव्हतं, झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून ओढायचं होतं. दोनदा खाली दगड लागल्याचा खणकन आवाज आला. दोन्ही वेळा पातं दुमडून गेलं, साखळ्या हलल्या, बाहेर काही आलं नाही. तिसऱ्यांदा जुन्या तोडलेल्या चिकूच्या खुंटात पातं बसलं आणि मऊ बोल्ट कातरला गेला. इंजिन बिनदिक्कत चालूच राहिलं. टूलबॉक्समधली डबी उघडून भावजींनी स्वतः नवा बोल्ट बसवला.

वाडीवर काम करणाऱ्या काकी कडेला उभ्या राहून बघत होत्या. दरवर्षी याच ओळी त्यांनी विळ्याने काढल्या आहेत. त्यांनी जवळ जाऊन कापलेल्या बुंध्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं की झाडांच्या अगदी बुडाशी हे कसं चालणार, सालीला लागेल. बरोबर होतं. बुडापासून हातभर अंतरावर अजूनही विळाच लागणार आहे, पण आता तेवढाच. भावजींनी तिथल्या तिथे ठरवलं की कलमांच्या खोडाभोवती बांबूची खूण रोवायची, म्हणजे चालवणाऱ्याला लांबून दिसेल.

आवाज ऐकून शेजारच्या वाडीचे मालक आले. त्यांच्याकडेही तसाच मिनी ट्रॅक्टर. त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं, तवा कुठला विचारलं, साखळ्या मोजल्या आणि मिस्त्रींना म्हणाले, “मला असाच एक करून द्या, फक्त चार फुटी.”

मिस्त्री हात पुसत होते. “ट्रॅक्टर मोठा घ्या,” ते म्हणाले, “दुसऱ्या दिवशी चार फुटी आणून देतो. ह्याला तीनच.”